अण्णांच्या वहीतलं कबर्ड

अण्णांची ऑर्डरची वही लांबट होती, लाल कापडी बांधणीची, वाणी खातेवही वापरतात तशी. घराच्या पडवीला पुढे पत्रे टाकून त्यांनी कारखाना केला होता. तिथल्या भुशात ती रंध्याशेजारी पडलेली असायची आणि तिच्या पानापानाला सागवानाचा वास यायचा. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठं आणि सुटं. गिऱ्हाईक बोलेल ते जसंच्या तसं टिपायचं, ही त्यांची पद्धत. कुणी 'फडताळ' म्हटलं तर फडताळ, कुणी 'कपाट' म्हटलं तर कपाट, कुणी 'शोकेस' म्हटलं तर शोकेस.

एका पानावर त्यांनी लिहिलं होतं: 'कॅप्टनसाहेब. सागवानी कबर्ड 1. उंची 6 फूट. खण 4. आरसा नको.'

हे कॅप्टनसाहेब पलटणीतून निवृत्त होऊन गावी परतले होते. कराडच्या आसपास अशी घरं पुष्कळ. उभी हयात छावण्यांमध्ये गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द सहज यायचे. ते जे म्हणाले ते अण्णांनी कानाने उचललं आणि कागदावर ठेवलं.

मी तेव्हा पाचवीत होते. मराठी शाळेत त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आमच्या धड्यात घरातल्या वस्तूंची नावं होती आणि त्यातला हा शब्द मला फार आवडला होता, कारण त्याची दोन्ही शकलं मला ओळखीची होती. सी-यू-पी कप. बी-ओ-ए-आर-डी बोर्ड. एवढा लांब शब्द स्पेलिंग न घोकता आला म्हणून मी खूश होते. वहीत 'कबर्ड' दिसलं तशी मी अण्णांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कपबोर्ड'.

"अण्णा, तुम्ही चुकीचं लिहिलंय. कपबोर्ड असतं ते."

अण्णांनी रंधा थांबवला, वही हातात घेऊन नीट पाहिली. "असं व्हय? कॅप्टनसाहेब तर कबर्ड म्हनत हुते."

"त्यांचं चुकतंय. पुस्तकात बघा."

"मग तू म्हंतीस तसं. शाळंत तू जातीस."

पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. तालुक्याच्या गावी बावीस वर्षं आठवी ते दहावीचे वर्ग घेतले आणि प्रत्येक वर्षी फळ्यावर हा शब्द मधोमध फोडून दाखवला. कप, बोर्ड. मुलं एका सुरात म्हणायची, मी मान डोलवायची.

ही घडी मोडली ती भावाच्या मुलीने. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जायची. म्हातारी मदर हबर्ड कुत्र्याला हाडूक आणायला कपाटाकडे जाते, ते गाणं ती म्हणत होती. मी कौतुकाने तिच्यासोबत म्हणायला लागले, तर ती थांबली. "आत्या, तसं म्हटलं की गाणं तुटतं." पुन्हा म्हणून दाखवलं: हबर्ड, कबर्ड. यमक इतकं चोख होतं की शंकेला जागाच नव्हती. हे गाणं 1805 मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापलं गेलं, हे मी नंतर वाचलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज आया पोरांना मांडीवर घेऊन 'कबर्ड'च म्हणत होत्या. आणि अण्णांनी तेच लिहिलं होतं.

त्या रात्री मी शब्दकोश काढून बसले. मेरियम-वेबस्टरमध्ये या शब्दाची नोंद बघण्यासारखी आहे. एकाच ओळीत तो दोनदा फोडलेला आहे आणि दोन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी. मूळ शब्द लिहिताना मधला ठिपका 'पी'नंतर येतो: कप, बोर्ड. ओळ संपली आणि शब्द तोडून खाली न्यायचा झाला तर तो इथे तोडा, असं हा ठिपका छापणाऱ्याला सांगतो. शेजारी उच्चार दिलाय, त्यात 'प' गायब आहे आणि फोड स्वरानंतर केली आहे: क, बर्ड. केंब्रिजच्या कोशात फोड आणखी तिसऱ्या जागी आहे. तिथे 'ब' पहिल्या तुकड्यात घेतलाय: कब्, अड. इंग्रजी उच्चारात आघाताचा ऱ्हस्व स्वर असा उघडा राहत नाही, त्याला पाठीमागे व्यंजनाचा टेकू लागतो, म्हणून ही फोड. एका साध्या कपाटाच्या तीन फोडी, आणि तिन्ही बरोबर. एक डोळ्यासाठी, उरलेल्या दोन कानासाठी.

'प' गेला कुठे, याचं उत्तर मात्र मला इंग्रजी पुस्तकात शोधावं लागलं नाही. ते आमच्या मराठी व्याकरणात होतं आणि मी ते शाळेत पाठ केलं होतं. तृतीय व्यंजन संधी. कठोर व्यंजनापुढे मृदू वर्ण आला की त्या कठोर व्यंजनाच्या जागी त्याच वर्गातलं तिसरं व्यंजन येतं. वाक् अधिक देवी, वाग्देवी. षट् अधिक रिपू, षड्रिपू. आणि अप् म्हणजे पाणी, त्यात जन्मलेलं कमळ ते अब्ज: अप् अधिक ज. प् चा ब् झाला. 'कप'मधला प् पुढच्या 'बोर्ड'मधल्या ब ला भेटतो तेव्हा नेमकं हेच होतं.

तोंडाने करून बघावं. प म्हणताना दोन्ही ओठ मिटतात. ब म्हणतानाही तेच ओठ, तसेच मिटतात. फरक फक्त गळ्यातल्या थरथरीचा. 'कप-बोर्ड' म्हणायचं तर ओठ मिटून, उघडून, पुन्हा मिटायला हवेत, नाहीतर मिटलेल्या ओठांआड मध्येच गळा थरथरायला हवा. रोजच्या बोलण्यात एवढे कष्ट कोण घेणार? जीभ आणि ओठ वाचवतात तेवढं वाचवतात. म्हणून 'रास्पबेरी'मधला प देखील इंग्रजांच्या तोंडात उरलेला नाही, ते 'राझ्बरी' म्हणतात. अमेरिकेत लाकडी घरांच्या भिंतींना बाहेरून एकावर एक चढवलेल्या फळ्या मारतात, त्यांना 'क्लॅपबोर्ड' म्हणतात. तिथले जुने लोक त्याचं 'क्लॅबर्ड' करतात. कपाट आणि फळ्या दोन्ही सुतारकामातले शब्द, दोन्हींत प बुजलेला, हे बघून मला बरं वाटलं.

पण मग 'ब्लॅकबोर्ड'चं 'ब्लॅकबर्ड' का होत नाही? 'बोर्ड' तोच, आघातही तसाच पहिल्या तुकड्यावर. हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्यानेच विचारला होता आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता देईन. फळा हा अजून फळाच आहे. मी खडू घेऊन त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा काळी फळी मला दिसते. शब्दही तसा अलीकडचा, शाळांमध्ये फळे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कबर्डचं तसं नाही. चौदाव्या शतकात हा शब्द आला तेव्हा तो खरोखरच पेले मांडायचा पाट होता. श्रीमंताघरी जेवणाच्या दालनात चांदीचे पेले लोकांना दिसावेत असे त्यावर ठेवत. सोळाव्या शतकापर्यंत त्याला दारं आली, कप्पे आले. आता त्यात कपडे राहू लागले, पीठ राहू लागलं, मदर हबर्डचं हाडूकही. ना कप उरला, ना पाट. अर्थ निघून गेला की मधल्या सांध्याची राखण करायला कुणी उरत नाही. मग ओठ आपलं काम करून टाकतात. त्या काळातल्या माणसांनी तो 'कबर्ड'सारखा लिहिलाही होता, स्पेलिंगं पक्की व्हायच्या आधी. पुढे छापखान्याने आणि कोशांनी त्याचं जुनं रूप कागदावर कायमचं ठेवलं, म्हणून पाचवीतल्या मला तो सांधा दिसला.

सांधा म्हटलं की मला अण्णांचे हात दिसतात. एका फळीला जीभ काढायची, दुसरीला तेवढीच खाच, सरस लावून दोन्ही एकमेकींत बसवायच्या, रात्रभर दाबून ठेवायच्या, सकाळी रंधा फिरवायचा. चांगला सांधा डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं तरी लागत नाही. अण्णा माझं बोट धरून फळीवरून फिरवायचे आणि विचारायचे, "सांग, कुठं जोडलंय?"

'सुतार' या शब्दाचंही तेच आहे. तो मुळात 'सूत्रधार'. दोरी धरणारा. गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, लाकडावर सरळ तांबडी रेघ उमटते. त्या रेघेवर करवत चालते. सूत्र अधिक धार. शतकानुशतकं झिजून झिजून सु-ता-र. सांधा बुजला तो इतका की माझ्या शाळेत कुणालाही त्यात दोरी दिसली नाही. दोरी तर अण्णांच्या कामात रोज होती, आणि मापातही होती, कारण ते इंचाचे आठ सूत मोजायचे. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, देवकुलाचं देऊळ. हे शब्द कुणी बिघडवले असं आपण म्हणत नाही. कुंभाराला कुणी 'तुझं चुकलं, कुंभकार म्हण' असं सांगत नाही. मग कबर्ड म्हणणाऱ्या माणसाला मी का सांगितलं?

इंग्रजीत तर याहून पुढे गेलेले शब्द आहेत. 'लॉर्ड' हा एका दमात म्हणायचा शब्द एकेकाळी दोन शब्दांचा जोड होता, भाकरी आणि राखणदार. 'विंडो'मध्ये वारा आणि डोळा आहे, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला वाऱ्याचा डोळा. हे वाचलं त्या दिवशी मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण आपल्या 'गवाक्ष'मध्येही अक्ष म्हणजे डोळाच आहे, गायीचा. आणि 'वातायन'मध्ये वारा. अण्णांनी आयुष्यभर खिडक्यांच्या चौकटी केल्या. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर त्यांनी नक्कीच हातातलं काम थांबवलं असतं.

शब्द कुठे फोडायचा यावरून इंग्रजीत मोठा वाद झालेला आहे आणि तो शाळेतल्या मुलांवरूनच झाला. अमेरिकेत नोआ वेबस्टरने 1783 मध्ये मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याआधी तिथे थॉमस डिल्वर्थ या इंग्रज शिक्षकाचं पुस्तक चालायचं. त्यातल्या जुन्या पद्धतीने 'नॉस्ट्रिल' म्हणजे नाकपुडी हा शब्द 'नो-स्ट्रिल' असा फुटायचा. वेबस्टरचं म्हणणं होतं की मूल तो तसा पाहील तर 'नो' असंच लांबवेल. तो 'नॉस-ट्रिल' असा फोडा, म्हणजे लहानात लहान मूलही उच्चारात चुकणार नाही. हा सगळा विचार कानाचा. आणि गंमत अशी की त्याने कानाने केलेली फोड शब्दाच्या जन्मखुणेवरच जाऊन बसली. नॉस्ट्रिल हाही जोडशब्दच आहे, नाक अधिक भोक. पहिला तुकडा नाक, आणि तो 'स'शीच संपतो.

आपली देवनागरी मात्र डिल्वर्थच्या बाजूची. 'नॉस्ट्रिल' लिहिताना आपण 'स्ट्रि' हे सगळं जोडाक्षर पुढे ढकलतो. 'सत्य' लिहितो तेव्हा स वेगळा आणि त्य वेगळा. पण वृत्त शिकवताना बाई सांगायच्या, जोडाक्षराच्या आधीचा स गुरू धरा. का? तर तोंड 'सत्-त्य' म्हणतं, त मागच्या अक्षरावरही आपला भार टाकतो. म्हणजे लिपी एका जागी फोडते, कान दुसऱ्या जागी, आणि व्यंजन दोन्ही घरांत राहतं. कबर्डचा 'ब' कोणत्या घरातला यावर कोशांमध्ये जो मतभेद आहे, तो आपल्या प्रत्येक जोडाक्षरात शांतपणे नांदतो आहे.

सातवीतला एक मुलगा एकदा पाटीवर लिहिलेलं 'नवरात्र' अडखळत 'नवरा-त्र' असं वाचत होता. वर्ग हसला. मला त्याचं चुकलं असं वाटलंच नाही. न, व, रा, त्र ही चार अक्षरं समोर आहेत, सांधा कुठे आहे हे लिपीने त्याला कुठेही सांगितलेलं नाही. घरात आजी 'नव्-रात्र' म्हणते, ते ज्याने ऐकलंय त्यालाच तो सापडतो. तसंच 'बालकवी' हे 'बाल-कवी' की 'बालक-वी', हे कानाला माहीत असतं, कागदाला नाही. सांधा ऐकून कळतो. मराठीच्या बाबतीत हे मला समजत होतं. इंग्रजीच्या बाबतीत मी कागदावर विसंबले, कारण माझ्या घरात इंग्रजी बोलणारी आजी नव्हती. जो एकमेव कान होता तो अण्णांचा, आणि त्याच्यावर मी रेघ मारली.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी परके शब्द कानानेच घेतले होते. लॉर्डचा लाटसाहेब, रिक्रूटचा रंगरूट, स्टेशनचं ठेसन. आम्ही शाळेत गेलो आणि डोळ्याने घ्यायला लागलो. 'शेपर्ड' हा शब्द शीप आणि हर्ड यांचा, मेंढ्या आणि राखण. त्यातला पी सांध्याच्या अलीकडे आणि एच पलीकडे. आमच्या डोळ्याला मात्र पीएच शेजारी दिसले की फ दिसतो. म्हणून आपल्याकडे कुत्रा 'जर्मन शेफर्ड' झाला. हे फक्त आपणच करतो असंही नाही. इंग्लंडमधल्या ग्रँथम गावाच्या नावात शेवटचा तुकडा 'हॅम' आहे, म्हणजे वस्ती. टी अलीकडचा, एच पलीकडचा. आज सगळे त्याला 'ग्रँथम' म्हणतात, टी आणि एच यांचा थ करून. लंडनमधलं एल्टम मात्र तसल्याच स्पेलिंगसह अजून 'एल्टम' आहे. एका गावाने डोळ्याचं ऐकलं, दुसऱ्याने कानाचं.

कपाळ या अर्थाचा 'फोरहेड' तर परत फिरलेला शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन बालगीतात त्याचं यमक 'हॉरिड'शी जुळवलं आहे, कारण तेव्हा तो 'फॉरिड' असा सांधा बुजवून म्हणत. मग लोक शिकले, स्पेलिंग पाहू लागले, आणि बुजलेला सांधा पुन्हा उघडून 'फोर-हेड' म्हणू लागले. आज बहुतेकांचा उच्चार तोच आहे आणि कुणी त्याला चूक म्हणत नाही. 'वेस्टकोट'ही तसाच, जुन्या 'वेस्किट'वरून मागे फिरलेला. त्यामुळे 'कपबोर्ड' म्हणणाऱ्या मुलाला मी आता अडवत नाही. त्याला ती दोन शकलं दिसली, शब्दाचा सहाशे वर्षांपूर्वीचा जन्म त्याने नकळत वाचला, ही काही लहान गोष्ट नाही. मात्र तो लंडनला गेला तर तिथे काय ऐकू येईल तेही सांगते. दोन्ही उच्चार फळ्यावर लिहिते, एकाखाली एक, आणि कुठल्याच शब्दावर रेघ मारत नाही.

अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. पडवीतलं सामान हलवताना त्यांच्या वह्या सापडल्या, सुतळीने बांधलेल्या. मी त्या एका बैठकीत चाळल्या. त्या पानानंतर दोन ठिकाणी 'कपबोर्ड' आहे, माझ्या शिकवणीप्रमाणे, पाटीवर गिरवावं तसं सावकाश लिहिलेलं. त्यानंतर पुढच्या सगळ्या वह्यांत, वीसेक वर्षांत, तो शब्द नाही. कुणी काहीही म्हटलेलं असो, अण्णांनी सगळीकडे 'कपाट' लिहिलं आहे. 'डॉक्टर. कपाट 1.' 'बँकेचे साहेब. कपाट 2, काच.' माझ्या लग्नातल्या कपाटाची नोंदही तशीच आहे. गिऱ्हाईक बोलेल तसं टिपणाऱ्या माणसाने या एका शब्दापुरतं ऐकणं सोडून दिलं होतं.

मग मी मागे गेले आणि कॅप्टनसाहेबांचं पान शोधलं. कागद पिवळा पडलाय, कडेला वाळवीने खाल्लाय. माझी पेन्सिलीची रेघ अजून आहे, जोर देऊन मारलेली. तिच्याखालची अण्णांची अक्षरंही तशीच आहेत, सुटी सुटी, एकेक वाचता येतात. क. ब. र्ड.